अमेरिकेत एलपीएन व्हायचंय: बारावीवर प्रवेश मिळतो का, काय काय लागतं, आणि कुणी या वाटेला जाऊ नये

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. बारावी विज्ञान नाशिक विभागीय मंडळातून, पुढे बी.एस्सी.चं एक वर्ष करून सोडलं. लग्नानंतर न्यू जर्सीत आलात, मुलं आता दिवसभर शाळेत असतात. यजमानांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज, मंजूर असल्यामुळे तुमच्याकडे एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आणि त्यावर ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र आहे. लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन व्हायचं तर बारावी चालते का, आणखी काय लागतं, किती दिवस जातात आणि पुढे आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स होता येतं का, हे तुम्ही विचारलंय. कॅनडात ब्रॅम्प्टनला असलेल्या बहिणीबद्दलही एक ओळ आहे, तिच्याकडे शेवटी येते.

मी याच राज्यात आधी एलपीएन झाले, मग आरएन. गेली काही वर्षं प्रॅक्टिकल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना क्लिनिकलसाठी, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी, वॉर्डात घेऊन जाते. त्यामुळे लिहिते ते मुख्यतः न्यू जर्सीचं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या नर्सिंग बोर्डाचे नियम वाचा. नर्सिंगचं लायसन्स राज्य देतं आणि बारकावे राज्यागणिक बदलतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तर याच पदाला एलव्हीएन म्हणतात.

बारावी चालते. बहुतेक ठिकाणी ती अमेरिकन हायस्कूल डिप्लोमाच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेश परीक्षाही आपल्याकडच्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला घाबरवणारी नाही. माझ्या पाहण्यात आपल्या बायकांचं अडतं ते मार्कांवर नाही, कागदांवर, लसींच्या नोंदींवर आणि घरातल्या वेळापत्रकावर. म्हणून ऑगस्टच्या बॅचला बसायचं असेल तर तयारी आदल्या नाताळातच सुरू करा.

त्याआधी हे पद नेमकं काय, ते बघा. न्यू जर्सीच्या कायद्यात एलपीएनची व्याख्या स्पष्ट आहे: रजिस्टर्ड नर्स, डॉक्टर किंवा डेंटिस्टच्या निर्देशाखाली काम करणारी नर्स. औषधं देणं, इन्सुलिन, ड्रेसिंग, पोटातल्या नळीतून फीडिंग, ट्रॅकिऑस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) काळजी, कॅथेटर, रुग्णाकडे लक्ष ठेवून बदल लगेच कळवणं ही सगळी तिची कामं. नवीन दाखल झालेल्या रुग्णाचं पहिलं संपूर्ण मूल्यमापन आणि काळजीचा आराखडा ठरवणं हे आरएनचं काम. रुग्णाला पहिल्यांदा शिकवणंही आरएनकडे, एलपीएन ते शिकवणं पुढे पक्कं करते. एलपीएन म्हणजे ‘मदतनीस’ असा समज आपल्याकडे आहे, तो चूक आहे. तिच्याकडे स्वतःचं लायसन्स असतं आणि चुकल्यास तेच पणाला लागतं. मदतनीस म्हणजे सीएनए (सर्टिफाइड नर्स एड) किंवा घरी येणारी होम हेल्थ एड. न्यू जर्सीत सीएनएचा कोर्स ९० तासांचा आणि होम हेल्थ एडचा ७६ तासांचा. रुग्णाला अंघोळ घालायला, कूस बदलायला, डायपर बदलायला आपल्याला जमेल का, अशी मनात शंका असेल तर आधी यातला एक कोर्स करून काही महिने काम करा. वर्षभराची फी भरून तिसऱ्या आठवड्यात सोडून जाणाऱ्या मुली मी पाहिल्यात. बहुतेकींचं कारण अभ्यास नव्हता, वास आणि स्पर्श होतं.

आता व्हिसा. ईएडी असल्यामुळे तुमचा प्रश्न बराच सोपा झालाय, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांचं तसं नसेल. नुसत्या एच-४ वर शिकता येतं, पगार घेता येत नाही. न्यू जर्सीने २०२० मध्ये कायदा बदलून व्यावसायिक लायसन्ससाठी इमिग्रेशन स्टेटसची अट काढली, त्यामुळे लायसन्स मिळू शकतं. पण लायसन्स म्हणजे काम करायची परवानगी नव्हे. ईएडीच्या मुदतीवर तुम्हीही डोळा ठेवा. कोर्स संपून परीक्षा होईपर्यंत ती संपत असेल तर नूतनीकरणाचं आधीच बघा.

आणि भारतातून ‘एलपीएन करून अमेरिकेत सेटल’ असे बेत कुणी आखत असेल तर थांबा. नर्सना ग्रीन कार्डसाठी जी सोय आहे, शेड्यूल ए म्हणतात तिला, ती रजिस्टर्ड नर्ससाठी आहे. तिच्यात एलपीएन येत नाही. एच-१बी या कामाच्या व्हिसाला किमान पदवीच्या पातळीचं पद लागतं, त्यातही हे बसत नाही. एजंट गोड बोलून फॉर्म भरून घेतात. ज्यांना इथे काम करायचा हक्क आधीच आहे, म्हणजे ग्रीन कार्ड, नागरिकत्व, ईएडी, त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. बाकीच्यांनी इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय एक डॉलरही भरू नये.

शाळा निवडताना पहिली चाळणी एकच: न्यू जर्सी बोर्ड ऑफ नर्सिंगच्या मान्यताप्राप्त यादीत ती आहे का. बोर्डाच्या संकेतस्थळावर यादी असते. यादीत नाव नसेल तर पुढचं बोलणंच नाही, कारण तिथून शिकून लायसन्सच्या परीक्षेलाच बसता येत नाही. दुसरी चाळणी, त्या शाळेच्या विद्यार्थ्यांचं परीक्षेतलं पहिल्या प्रयत्नाचं यश. तेही जाहीर असतं, एका वर्षाचं न बघता तीन-चार वर्षांचं बघा. तिसरी, एसेन किंवा एनएलएन सीएनईए या नर्सिंग कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांचं अ‍ॅक्रेडिटेशन. लायसन्ससाठी ते सक्तीचं नाही, पण पुढे ब्रिज कोर्सला, म्हणजे एलपीएनवरून आरएन व्हायच्या कोर्सला जाताना आधीच्या शिक्षणाचं क्रेडिट मिळायला मदत होते. फीच्या बाबतीत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या व्होकेशनल-टेक्निकल शाळा आणि खासगी संस्था यांच्यात मोठा फरक असतो. काउंटीची शाळा स्वस्त, पण जागा कमी आणि प्रवेश वर्षातून एकदाच. खासगीत जागा लगेच, आणि म्हणूनच तिथे जरा जास्त चौकशी करावी. संघराज्य सरकारची शैक्षणिक मदत एच-४ वाल्यांना मिळत नाही, ती नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक गटांनाच. तेव्हा शाळेचा ‘फायनान्शियल एड’वाला माणूस कर्जाचा कागद पुढे करेल तेव्हा ते खासगी कर्ज आहे हे समजून, व्याजदर वाचूनच सही करा.

‘क्लासला न येता डिप्लोमा’ असं कुणी हळूच सुचवलं तर त्याचा नंबर ब्लॉक करा. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ नावाची कारवाई जाहीर केली. फ्लोरिडातल्या तीन शाळांच्या नावाने ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग डिप्लोमा विकले गेले होते, आरएनचे आणि एलपीएनचेही. आरोपींमध्ये न्यू जर्सीतले लोकही होते. विकत घेणाऱ्यांपैकी बरेचजण परीक्षा पास होऊन कामावर होते, त्यांच्यातल्या अनेकांची लायसन्सं वेगवेगळ्या राज्यांच्या बोर्डांनी शोधून काढून रद्द केली.

आता कागद. दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, आणि त्यांचं इथल्या मूल्यमापन संस्थेकडून इव्हॅल्युएशन. वेस, ईसीई वगैरे नाकेस या संघटनेच्या सदस्य संस्था आहेत. शाळा कुणाचं स्वीकारते ते आधी विचारा, मग पैसे भरा. काही संस्थांना कागद थेट मंडळाकडून सीलबंद हवे असतात. विभागीय मंडळाच्या खिडकीवर जाऊन ते काढायला नाशिकला कुणीतरी धावपळ करणारं हवं. भाऊ, दीर, जुनी मैत्रीण, जो कोणी असेल त्याला आत्ताच कामाला लावा. दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत अर्ज गेला तर तो तिथेच पडून राहतो.

आपल्या बायकांची खरी गोची नावात आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं. काहींचं तर सासरी पहिलं नावही बदललेलं. इथल्या क्लार्कला ही दोन वेगळ्या माणसांची कागदपत्रं वाटतात, आणि त्यात तिचा काही दोष नाही. लग्न नोंदणीचा दाखला, लागल्यास प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं असलेला एखादा सरकारी कागद असा संच करून ठेवा. शाळेत, बोर्डाकडे आणि परीक्षेच्या नोंदणीत नाव अक्षरशः तसंच लिहा जसं तुमच्या ओळखपत्रावर आहे. परीक्षा केंद्रावर नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी जाते ती जातेच. मूळ कागद हरवले असतील आणि मंडळाकडून मिळण्याची चिन्हं नसतील तर इथे जीईडीची परीक्षा देऊन हायस्कूलच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळवता येतं. कधीकधी तेच कमी वेळात होतं.

परदेशी शिक्षण असेल तर काही शाळा इंग्रजीची परीक्षा मागतात. त्याखेरीज प्रवेश परीक्षा. बऱ्याच ठिकाणी टीज असते, काही ठिकाणी हेसी किंवा शाळेची स्वतःची. टीजमध्ये १७० प्रश्न, २०९ मिनिटं, आणि वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी असे चार भाग. गणित म्हणजे अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, मापांची रूपांतरं. सातवी-आठवीचं. फक्त औंस, पाउंड, कप, टेबलस्पून यांची सवय करून घ्या. विज्ञानात शरीररचना आणि शरीरक्रियेवर भर असतो, बारावीचं जीवशास्त्र पुष्कळ उपयोगी पडतं. आपल्याकडच्या मुलींचे मार्क जातात ते वाचनाच्या भागात, कारण उतारा पाठ करून उत्तर येत नाही. रोज एक इंग्रजी लेख वाचून त्याचा मुद्दा दोन वाक्यांत लिहायची सवय ही यावरची सगळ्यात स्वस्त शिकवणी.

आता आरोग्याची फाइल. प्रवेश मिळाल्यावर सगळ्यात जास्त धावपळ हीच करवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. क्षयरोगाची चाचणी: शाळा सहसा त्वचेवरची मँटू चाचणी दोनदा करून मागते, एक ते तीन आठवड्यांच्या अंतराने. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते आणि त्यामुळे ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना सरळ सांगा की बीसीजी झालेली आहे, रक्ताची आयजीआरए चाचणी हवी. क्वांटिफेरॉन हे तिचं नेहमीचं नाव. ती बीसीजीमुळे फसत नाही. रक्ताची चाचणीही पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. आपल्या देशात वाढलेल्या कित्येकांच्या शरीरात सुप्त संसर्ग असतो. छातीचा एक्सरे स्वच्छ असेल तर सहसा प्रवेश अडत नाही, आणि सुप्त क्षयावर आता तीन-चार महिन्यांचे उपचार आहेत. ते घ्यावेतच, शाळेसाठी नाही, स्वतःसाठी.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीने दाखवावी लागते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचं आईला आठवतं एवढं पुरत नाही, पण तपासणीत प्रतिपिंडं दिसली की काम झालं. नाही दिसली तर लस घ्यावी लागते, आणि इथे एक खाच आहे. या जिवंत लसी घेतल्यानंतर काही काळ क्षयाच्या चाचणीचा निकाल बिघडू शकतो. चाचणी लसीच्याच दिवशी करा, नाहीतर चार आठवडे थांबा. हे माहीत नसल्याने लोकांची बॅच चुकते. हिपॅटायटिस बीची नेहमीची लस तीन डोसांची, तिसरा डोस सहाव्या महिन्यात, त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी. म्हणजे सात-आठ महिने गेलेच. महिन्याच्या अंतराने दोन डोसांत होणारी हेप्लिसाव्ह नावाची लसही मिळते, घाई असेल तर डॉक्टरांना तिचं विचारा. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) आणि हंगामात फ्लूची लस या त्यामानाने किरकोळ गोष्टी.

बीएलएस हा जीवरक्षणाचा कोर्स बहुतेक शाळांना अमेरिकन हार्ट असोसिएशनचाच लागतो, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा, प्रत्यक्ष पुतळ्यावर हात दाबून केलेला. पूर्ण ऑनलाइन केलेला चालत नाही. तो दोन वर्षं टिकतो. गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी शाळा करते, आणि लायसन्सच्या वेळी बोटांचे ठसे देऊन पुन्हा होते. जुना काही खटला असेल तर लपवू नका. घटनेपेक्षा लपवणं महागात पडतं.

लघवीची ड्रग चाचणीही असते. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर असला तरी क्लिनिकलच्या संस्था संघराज्याचे नियम धरतात. आपल्याकडच्या बायका म्हणतात, आम्ही कशाला घाबरायचं? पण खसखशीमुळे अफूवर्गाची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीच्या सुमारास चाचणी असेल तर अनारसे आणि खसखशीचं वाटण आठवडाभर बाजूला ठेवा. भारतातून आणलेली खोकल्याची औषधंही पाहा, काहींत कोडीन असतं. तपासणी करणारा डॉक्टर खुलासा मागतो, पण तोवर तुमची फाइल अडकते.

शाळा सुरू झाली की पूर्णवेळ साधारण दहा महिने ते वर्ष, संध्याकाळ किंवा शनिवार-रविवारची बॅच असेल तर दीड ते दोन वर्षं. मूलभूत नर्सिंग, शरीररचना, औषधशास्त्र, मोठ्यांचे आजार आणि शस्त्रक्रिया, बाळंतपण, बालरोग, मानसिक आरोग्य, वृद्धांची काळजी, आणि त्यासोबत क्लिनिकल. पास व्हायला अनेक शाळांत ७५ ते ८० टक्के लागतात. पस्तीस टक्क्यांत पास होण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही. औषधाच्या मात्रेच्या गणिताची वेगळी परीक्षा असते आणि तिथे ९० किंवा थेट १०० टक्के मागतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध ०.१२५ मिलिग्राम द्यायचंय आणि गोळी ०.२५ ची आहे, तर अर्धी गोळी. गणित एवढंच, पण गोळी देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि ६० च्या खाली असतील तर सहसा ती रोखून आरएनला किंवा डॉक्टरांना कळवायचं, हे त्या गणिताचा भाग आहे.

हजेरी तासांवर मोजतात. ठरलेल्यापेक्षा जास्त तास बुडाले की नाव कमी होतं, कारण कितीही खरं असो. भाचीच्या लग्नाला तीन आठवडे भारतात हे त्या वर्षापुरतं विसरा. ते आत्ताच सासर-माहेर दोन्हीकडे स्पष्ट सांगून ठेवा. क्लिनिकलला पहाटे पावणेसातला वॉर्डात हजर राहावं लागतं, बर्फ असो नसो. गाडी येत नसेल तर आधी ड्रायव्हिंग लायसन्स काढा, कारण शिकायला जायची नर्सिंग होम्स बसच्या वाटेवर असतीलच असं नाही. सकाळी मुलांना शाळेच्या बसपर्यंत कोण सोडणार याचं उत्तर नसेल तर संध्याकाळची बॅच बघा.

वॉर्डात बांगड्या चालत नाहीत. लांब मंगळसूत्रही नको. डिमेन्शियाचा रुग्ण घाबरला की हाताला येईल ते ओढतो, आणि गळ्यातली साखळी त्याला पहिली सापडते. छोटं, कपड्याच्या आत राहणारं चालेल का ते शाळेला विचारा. खोटी नखं बंद. पुरुष रुग्णांना अंघोळ घालावी लागते. ताटात बीफ किंवा पोर्क असेल आणि रुग्णाला स्वतःच्या हाताने खाता येत नसेल तर ते भरवावं लागतं. शाकाहारी घरातल्या मुली पहिल्यांदा अडखळतात. मग त्या ताटाकडे न बघता रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायला शिकतात, गिळताना ठसका लागतोय का ते तिथेच दिसतं.

कोर्स संपला की एनक्लेक्स-पीएन, म्हणजे एलपीएनच्या लायसन्सची परीक्षा. बोर्डाकडे अर्ज, परीक्षेची नोंदणी फी २०० डॉलर, शाळेकडून पूर्णतेचा दाखला गेला की परीक्षेची परवानगी ईमेलने येते. परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर संगणकावर, वेळ जास्तीत जास्त पाच तास, प्रश्न किमान ८५ आणि कमाल १५०. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे-कठीण होत जातात, आणि तुम्ही पासच्या रेषेच्या वर की खाली याची संगणकाला ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा थांबते. ८५ वर थांबली म्हणजे पास, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा समज आहे. ८५ वर नापासही होता येतं. नापास झालात तर किमान ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं.

एप्रिल २०२३ पासून या परीक्षेचं रूप बदललं. एकाच रुग्णाची फाइल समोर ठेवून त्यावर ओळीने सहा प्रश्न येतात: काय लक्षात आलं, त्याचा अर्थ काय, आधी कशाची काळजी करायची, काय करता येईल, काय कराल, आणि केल्याचा उपयोग झाला का. प्रश्नांचा सर्वांत मोठा वाटा, १८ ते २४ टक्के, समन्वयाच्या कामावर आहे: कुणाकडे आधी जायचं, कुठलं काम कुणाला सोपवायचं, कधी आरएनला बोलवायचं. घोकंपट्टीत तयार झालेली आपली मुलगी इथे अडते. मी क्लिनिकलला नेहमी असा प्रश्न टाकते. सकाळी चार रुग्ण तुमच्याकडे आहेत. एकाची नाश्त्याआधीची साखर २१०. दुसऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस, तो अचानक अस्वस्थ झालाय आणि धाप लागलीय. तिसऱ्याचं दुखणं दहापैकी सहा. चौथ्याला आज घरी जायचंय, त्याची मुलगी काउंटरवर चिडून उभी आहे. आधी कुणाकडे? बरेच विद्यार्थी साखरेकडे धावतात, कारण तिथे आकडा आहे, किंवा चिडलेल्या मुलीकडे, कारण ती मोठ्याने बोलतेय. जायचं दुसऱ्याकडे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली असू शकते. आणि गेल्यावर त्याला एकटं सोडून फोन शोधायला पळायचं नाही. बसतं करायचं, जवळ थांबायचं, बेल दाबून आरएनला बोलवायचं, तिथल्या नियमाप्रमाणे ऑक्सिजन लावायचा. पर्यायांत ‘डॉक्टरांना कळवा’ असं दिसलं की आपली माणसं तेच निवडतात. ते बरोबर असेलही, पण आधी तुमच्या हातात जे आहे ते करून झालंय का, असं परीक्षा विचारत असते.

पास झाल्यावर न्यू जर्सीचं लायसन्स दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी ३० तासांचं सततचं शिक्षण. न्यू जर्सी नर्सिंग कॉम्पॅक्टमध्ये आहे, त्यामुळे पात्र असाल तर एकाच लायसन्सवर इतर सदस्य राज्यांतही काम करता येतं. त्यासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, ईएडीमुळे तो तुम्हाला मिळू शकतो. न्यूयॉर्क मात्र कॉम्पॅक्टमध्ये नाही. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करायची तर त्यांचं लायसन्स वेगळं.

नोकऱ्या कुठे? मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डांत कमी. एलपीएनना सर्वाधिक काम नर्सिंग होम आणि पुनर्वसन केंद्रांत, त्याखालोखाल घरी जाऊन केलेली नर्सिंग, डॉक्टरांचं क्लिनिक. न्यू जर्सीत व्हेंटिलेटरवरच्या मुलांची घरी रात्रभर काळजी घेण्याचं काम भरपूर मिळतं. एका रुग्णाकडे पूर्ण लक्ष देता येतं म्हणून कित्येकींना ते आवडतं, पण संकट आलं तर घरात नर्स तुम्ही एकट्याच, त्यामुळे नवख्या माणसाने लगेच घेऊ नये. नर्सिंग होममध्ये एका पाळीला तीस-पस्तीस जणांची औषधं एकटीने देण्याची वेळ येते. मुलाखतीतच विचारा की माझ्या वाट्याला किती रहिवासी, सीएनए किती आणि नवीन माणसाला किती दिवस कुणाबरोबर ठेवता. उत्तर टाळलं तर उठून या. पगाराचं म्हणाल तर मे २०२४ च्या सरकारी आकड्यांनुसार देशात एलपीएनचं मध्यम वार्षिक उत्पन्न ६२,३४० डॉलर, आरएनचं ९३,६०० डॉलर. न्यू जर्सीत दोन्ही याहून जास्त.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की तुमचा शेवटचा प्रश्न आपोआप येतो: मग सरळ आरएनच का नको? माझं मत सांगते. तुमच्यासारखी बारावी विज्ञान आणि वर्षभर बी.एस्सी. झालेली, घरात सध्या एक पगार येतोय आणि तीन-साडेतीन वर्षं धीर धरता येईल अशी बाई असेल, तर काउंटी कॉलेजातला आरएनचा असोसिएट डिग्री कोर्स आधी तपासावा. त्याला शरीरशास्त्राचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र असे पूर्वविषय लागतात, जागांसाठी चुरस असते, पण एकदाच शिकून मोकळं होता येतं. एलपीएन तिने करावं जिला वर्ष-दीड वर्षात स्वतःची कमाई हवी आहे, किंवा इतक्या वर्षांच्या खंडानंतर अभ्यास झेपेल का हे आधी छोट्या टप्प्यात बघायचंय. ब्रिज कोर्स आहेत, मी त्यानेच गेले. पण सगळं क्रेडिट मिळेल असं धरू नका. ज्या कॉलेजात पुढे जायचंय त्यांनाच आज विचारा की या शाळेचं एलपीएन झालेल्याला तुम्ही किती सूट देता, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

भारतातून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून आलेल्या ज्या बायका इथे एलपीएनच्या वर्गात चौकशी करतात, त्यांना माझा ठाम नकार असतो. तुमचं शिक्षण आरएनच्या तुलनेत तपासून घ्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि कॉलेजच्या नोंदी मागवा, मूल्यमापन करा, आणि थेट एनक्लेक्स-आरएनच्या मागे लागा. एखादा विषय किंवा काही क्लिनिकल तास कमी पडले तरी ते भरून काढणं हे सगळं नव्याने शिकण्यापेक्षा स्वस्त. एएनएमची गोष्ट वेगळी. तो दोन वर्षांचा कोर्स माता-बाल आरोग्य आणि गावपातळीवरच्या सेवेवर बेतलेला आहे, इथल्या अभ्यासक्रमाशी त्याचा मेळ सहसा बसत नाही. एएनएम झालेल्या बाईला वर्गात मात्र फार फायदा होतो. इंजेक्शन देताना तिचा हात थरथरत नाही.

तुमच्या बहिणीचं. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत या पदाला रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स, आरपीएन म्हणतात. तिथे कॉलेजचा प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा साधारण दोन वर्षांचा, म्हणजे आपल्या इथल्यापेक्षा लांब. ऑन्टारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात जानेवारी २०२२ पासून आरईएक्स-पीएन ही वेगळी परीक्षा आहे, एनक्लेक्स-पीएन नव्हे. त्यामुळे तुम्ही दोघी एकाच पुस्तकातून अभ्यास करू म्हणत असाल तर औषधशास्त्र आणि मात्रेच्या गणितापुरतं जमेल. अर्ज आणि अटी तिने कॉलेज ऑफ नर्सेस या ऑन्टारिओच्या नियामक संस्थेकडून घ्याव्यात, आणि सरावाचे प्रश्न तिच्या परीक्षेचेच वापरावेत.